अडकणवही

एक काम कर. हे पुस्तक मांडीवर ठेव आणि उजवा तळहात कपाळावर टेकव, ताप बघतात तसा. टेकवलास? आता मनातल्या मनात सतराला तेवीसने गुण. कागद नाही, बोटं नाहीत.

तळहाताला काही कळलं? नाही ना. पण त्याच्या खाली, कवटीच्या आत, आत्ता धांदल उडाली होती. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे जास्त रक्त धावतं, कारण कामाला प्राणवायू लागतो. प्राणवायू घेऊन येणाऱ्या रक्ताचा लालपणा वेगळा आणि तो देऊन निघालेल्या रक्ताचा वेगळा. अंधारात टॉर्चवर बोट धरलंस तर बोट लालभडक दिसतं, कारण तांबडा प्रकाश मांसातूनही थोडा पार जातो. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तर कवटीतून आत शिरतो आणि त्यातला काही परत येतो. तो किती कमी होऊन परत आला यावरून आतलं रक्त मोजता येतं. हे आजही प्रयोगशाळांमध्ये करतात.

आता तुझ्या तळहाताच्या जागी बोटभर रुंदीची एक मऊ पट्टी आहे अशी कल्पना कर, आणि माझ्याबरोबर वीस-बावीस वर्षं पुढे चल.

तिथे प्रत्येक मुलाच्या कपाळावर अशी पट्टी आहे आणि हातात काचेची पाटी. गणित अवघड गेलं, डोक्याला जोर पडला, की पट्टीवरचा हिरवा ठिपका लाल होतो. वीस सेकंद लाल राहिला की पाटी ते गणित काढून घेते आणि सोपं देते. तेही जड गेलं तर आणखी सोपं. कुणी रडत नाही. कुणी वही फेकत नाही. पाचवीची मुलं दिवाळीआधी सहावीचं पुस्तक उघडून बसतात. आईबाप खूश, शिक्षक खूश. अडकणं नावाची गोष्टच जगातून संपली, असं जाहिरातीत म्हणत असत, आणि ते खोटं नव्हतं.

सांगलीच्या कडेला हरिपूर आहे. कृष्णा आणि वारणा जिथे भेटतात तिथे. या गावात जमिनीत पेवं असत. पेव म्हणजे खोल खड्डा. वर तोंड एवढंसं, एक माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि खाली पोट भोपळ्यासारखं फुगलेलं. त्यात हळद साठवायची. तोंडावर फरशी ठेवायची, वर माती लिंपायची. आत हळद वर्षानुवर्षं टिकते.

पण पेव उघडल्यावर एकदम आत उतरायचं नाही. बंद पेवात वाईट हवा साठलेली असते. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला, तर वर ओढायचा, फरशी तशीच उघडी ठेवायची आणि काठावर बसून राहायचं. तासभर, दोन तास, कधी अख्खा दिवस. मग पुन्हा कंदील. तेवढ्यात पेव सोडून कुणी घरी जात नसे. "विझला तर थांबायचं" एवढंच शास्त्र.

हे शास्त्र आप्पा कुंभोजे आपल्या नातवंडांना सांगत. त्यांच्या परसात गावातलं शेवटचं पेव होतं. मागच्या महापुरात ते गाळाने भरलं. गाळ उपसला तेव्हा पोट वाकडंतिकडं झालेलं निघालं.

"आता ह्यात किती हळद मावंल, देवालाच ठाऊक," एका रविवारी आप्पा म्हणाले. "निनाद, तू हुशार हाईस. कसं काढशील सांग बघू. आत उतरायचं नाही हं."

निनाद तेरा वर्षांचा. चार वर्षं अध्ययन केंद्रात पट्टी लावून शिकलेला, आठवीचं गणित संपवून बसलेला. तो पेवाकडे बघत उभा राहिला. अर्धं मिनिट झालं. मग तो समोरच्या भिंतीकडे बघू लागला. भिंतीवर काहीच नव्हतं.

त्याची आई त्रिशला धुणं वाळत घालत होती. तिने विचारलं, "काय रे? काय बघतोस?"

"पुढचं कधी येणार?"

"पुढचं काय?"

"सोपं," निनाद म्हणाला.

त्रिशलाच्या हातातली चादर हातातच राहिली. पोरगं टाळाटाळ करत नव्हतं, चेष्टाही करत नव्हतं. ते खरोखर वाट बघत होतं.

त्या आठवड्यात तिने निनाद, दहा वर्षांची शाल्मली आणि सहा वर्षांची ओवी, तिघांची नावं केंद्रातून काढून घेतली.

"घरी शिकवणार?" तिचा नवरा सुकुमार म्हणाला. त्याची हळद पॉलिश करायची गिरणी होती. दिवसभर हळद घोळवायच्या लोखंडी ढोलाच्या आवाजात राहून त्याला घरातही ओरडून बोलायची सवय लागली होती. "तू? तिघांना? एकाच वेळी? अगं, मला तीन गडी आवरत नाहीत."

"गड्यांना पगार द्यावा लागतो. ह्यांना नुसतं जेवायला घालायचंय."

"चेष्टा नको करू. शेजारची पोरं बघ कुठल्या कुठं पोचली."

"कुठं पोचली ते त्यांना विचार की एकदा. पट्टी काढून विचार."

घरी शिकवायला परवाना मिळत असे. पण अभ्यासक्रम मंजूर यादीतलाच घ्यायचा, रोज चार तास पट्टी लावायची, आणि वर्षातून एकदा अधिकारी घरी येऊन तपासून जाणार. यादीत तीन अभ्यासक्रम होते. त्रिशला लग्नाआधी सांगलीत रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एखादी गोष्ट तपासल्याशिवाय खरी मानायची नाही, ही तिची तिथली सवय. तिने तिन्ही आणून पाहिले.

पहिल्यात चित्रं फार. ओवीला ती आवडली, पण चित्रातला हत्ती प्रत्येक उत्तराला टाळ्या वाजवायचा. चौथ्या दिवशी ओवीने विचारलं, "आई, ह्याला दुसरं काम नाही?" दुसरा अभ्यासक्रम निनादने सोळा दिवसांत संपवला आणि आपण काय शिकलो ते त्याला सतराव्या दिवशी सांगता येईना. तिसरा जरा बरा होता, पण तो तिघांनाही वेगवेगळ्या वेळी बोलवायचा. एकाला अपूर्णांक समजावताना दुसरीचं दूध उतू जायचं, आणि दूध पुसून येईपर्यंत अपूर्णांकवाला झाडावर गेलेला असायचा. पहिले दोन महिने त्रिशलाने दुपारचं जेवण उभ्यानेच केलं.

एकदा ओवी अभ्यासाच्या वेळेत सापडेना. गोठ्यात निघाली. तिने आपली पट्टी वासराच्या कपाळावर बांधली होती आणि पाटी त्याच्या पुढ्यात धरली होती. वासरू पाटी चाटत होतं. जीभ जिथे लागेल ते उत्तर.

"आई, हे बघ, हिरवं! हे अडकतच नाही!"

संध्याकाळी पाटीवर निकाल आला. 'ओवी सुकुमार कुंभोजे. उत्तम प्रगती. अडकण शून्य.' आप्पा इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. सुकुमारही हसला. त्या दिवसापासून शेजारच्या पोरांचं नाव त्याने काढलं नाही.

त्रिशलाने तिसरा अभ्यासक्रम ठेवला, पण आपल्या पद्धतीने. चार तास पट्टी, नियम म्हणून. त्यानंतर पट्ट्या खुंटीवर आणि एक जाड वही मध्ये. तिच्यावर शाल्मलीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'अडकणवही'. कुठे अडकलो ते ज्याने त्याने त्यात लिहायचं. उत्तर नाही लिहायचं. रविवारी सगळ्यांनी बसून ती मोठ्याने वाचायची, आणि मोठ्या माणसांनीही लिहायचं, अशी अट. त्यामुळे आप्पांनी लिहिलं होतं, 'फोन कानाला लावला की आपोआप तिसऱ्याच माणसाला का लागतो?' सुकुमारने लिहिलं होतं, 'ढोल डावीकडून वाजतो, खोलून बघितलं तर डावीकडे काही नाही.' निनादचं पान सुरुवातीला कोरंच असे. अडकलो हे त्याला ओळखूच यायचं नाही. तिसऱ्या महिन्यात त्याने पहिली ओळ लिहिली तेव्हा त्रिशलाने शिरा केला.

सर्वांत जास्त पानं शाल्मलीची. ही मुलगी सावकाश होती. एखादी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली की ती तिच्याभोवती फिरत बसायची, आमटीत कोकम उतरायची वाट बघावी तशी. आप्पांचा पेवाचा प्रश्न निनादने सोडून दिला, तो वर्ष संपत आलं तेव्हा तिने उचलला. 'आत न उतरता पेवाचं पोट कसं मोजायचं?' अकरा दिवस ती त्याच प्रश्नावर होती. दोरी सोडून खोली कळली. रुंदी कळेना. बांबू आत घातला, तो तोंडालाच अडकला. पाणी ओतू का म्हणाली, तेव्हा आप्पांनी कानाला हात लावले. "पाणी? पेवात? अगं, माझा आजा येईल वरून खाली." अकराव्या दिवशी तिने लिहिलं, 'अजून तिथंच.'

आणि पट्टी? पट्टी लावली की शाल्मलीचा ठिपका सारखा लाल. पाटी तिला रोज खाली खाली नेत राहिली. पाचवीतून चौथीत, चौथीतून तिसरीत.

त्याच अकराव्या दिवशी, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, ही मंडळी जेवायला बसली होती. कुंभोज्यांकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची रीत, त्यामुळे ताटं अंगणात, उजेडात. नियम सगळ्यांना पाठ होता. तपासणीत ठिपका तीनदा लाल झाला की मूल अपात्र. एक मूल अपात्र ठरलं की घराचा परवाना जाणार आणि तिघंही सोमवारपासून केंद्रात.

"शालूचं काय करायचं?" सुकुमारने विचारलं. या वेळी तो ओरडून बोलला नाही.

निनादने भाकरी मोडता मोडता हळूच सांगितलं, "एक युक्ती आहे. आम्ही केंद्रात सगळे करायचो. कठीण आलं की मनात णमोकार म्हणायचा. णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं. पाठ असलेलं म्हणायला डोक्याला जोर लागत नाही. ठिपका हिरवा राहतो. आणि म्हणता म्हणता कुठलंही उत्तर दाबायचं."

"आणि चुकलं तर?"

"चुकू दे की. चूक मोजत नाहीत ते. अडकणं मोजतात."

आप्पांनी ताटावरून हात उचलला. "काय सांगतोस? विचार बंद करायला देवाचं नाव? तुझ्या आजीनं ऐकलं असतं तर—"

"आप्पा, बाकीची पोरं पाढे म्हणायची. मला मंत्र सोपा पडला."

शाल्मली आईकडे बघत होती. त्रिशला ताटाकडे. तिला वर्षभराचं सगळं दिसत होतं. निनादची पहिली ओळ, ओवीचं वासरू, त्या वहीची फुगत गेलेली पानं. आणि सोमवार दिसत होता.

"उद्याचा दिवस म्हण," ती म्हणाली.

"म्हणजे, येत असलं तरी विचार नाही करायचा?"

"एकच दिवस, शालू. मग आपलं आपण."

शाल्मलीने मान हलवली. जेवण झाल्यावर त्रिशला हात धुऊन अडकणवही उघडून बसली. मग एक ओळ लिहून तिने वही मिटली.

सकाळी शाल्मलीने नेहमीप्रमाणे वही उघडली. आईच्या अक्षरात होतं, 'मी आज माझ्या मुलीला सांगितलं, विचार करू नकोस. हे मी का केलं?'

शाल्मलीने ती ओळ दोनदा वाचली. वही जागेवर ठेवली आणि वेणी घालून घ्यायला गेली.

दहा वाजता तपासणी अधिकारी आल्या. इंगवले मॅडम. पन्नाशीच्या, बोलायला गोड, घामाने बेजार. त्यांनी पाणी मागितलं, आप्पांना नमस्कार केला, ओवीच्या गालाला हात लावला. वाईट बाई नव्हत्या. मी हे मुद्दाम सांगतोय; गोष्टीत असा कुणी आला की आपण लगेच त्याला दुष्ट ठरवून मोकळे होतो.

ओवीचा ठिपका हिरवा. निनादचा एकदा लाल झाला आणि त्याने अभिमानाने आईकडे बघितलं. मग शाल्मली बसली.

पहिले तीन प्रश्न सोपे गेले. चौथा आला. पाटीवर एका भांड्याचं चित्र होतं. तोंड अरुंद, पोट फुगीर, तळ पुन्हा निमुळता. 'या भांड्यात एकसारख्या धारेने पाणी सोडले आहे. वेळ जाईल तशी पाण्याची उंची कशी वाढेल ते रेषेने दाखवा.'

शाल्मली पुढे सरकली. पेवच होतं ते. तिचं पेव. बाराव्या दिवशी ते तिच्या पुढ्यात येऊन बसलं होतं, आणि या चित्रात पाण्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती जी तिला अकरा दिवसांत सुचली नव्हती. वेळ.

तिचा ठिपका लाल झाला.

"णमोकार," निनाद ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

वीस सेकंद. पाटीवरून भांडं गेलं. 'एका बादलीत पाच लिटर पाणी मावते. दोन बादल्यांत किती?'

शाल्मलीने 'मागे' दाबलं. भांडं परत आलं. ठिपका पुन्हा लाल. भांडं पुन्हा गेलं. तिने पुन्हा 'मागे' दाबलं. त्रिशला पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. तिच्या तोंडून "शालू" एवढंच आलं, आणि शाल्मलीने तिच्याकडे बघितलं ते असं, की त्रिशला पुढचं बोललीच नाही.

तिसऱ्यांदा लाल. पाटी काळी झाली. 'विद्यार्थी थकला आहे. तपासणी समाप्त.'

इंगवले मॅडमनी सुस्कारा सोडला. "बाळ, दमलीस होय तू?"

"मी दमले नाही. करत होते मी."

"पण पट्टी सांगते ना—"

"पट्टीला काय कळतंय? पट्टीनं आमच्या वासराला पण पास केलंय."

आप्पांना ठसका लागला. मॅडमनी त्रिशलाकडे बघितलं. हे खरं आहे, अशी त्रिशलाने मान हलवली. आता लपवून काय राहिलं होतं?

शाल्मलीने कपाळावरची पट्टी काढली आणि मॅडमपुढे धरली. "तुम्ही बघा ना सोडवून. चौथाच."

"मी?"

"येतं ना तुम्हाला?"

आता सांग, दहा वर्षांच्या मुलीने असं विचारल्यावर कुठली अधिकारी नाही म्हणेल? मॅडम हसल्या. पट्टी त्यांच्या कपाळाला जरा तंग झाली. त्रिशलाने मागून सैल करून दिली. पाटीवर 'पाहुणे' दाबून तपासणी नव्याने सुरू केली, पहिले तीन प्रश्न त्यांनी झटकन उडवले, आणि भांडं आलं.

त्यांनी बोटाने एक सरळ तिरकी रेष ओढली. थांबल्या. "नाही नाही. खाली निमुळतं आहे, म्हणजे आधी..." रेष पुसली. भुवया जवळ आल्या. बाहेर कोंबडी ओरडत होती, सुकुमार दारात हळदीने पिवळा होऊन उभा होता, कुणीच हलत नव्हतं. "आणि पोटात आलं की मग..." त्यांनी बोट टेकवलं. ठिपका केव्हाचा लाल झाला होता.

भांडं गेलं. 'एका बादलीत पाच लिटर पाणी मावते. दोन बादल्यांत किती?'

"अगं ए, थांब की!" इंगवले मॅडम पाटीवर ओरडल्या. "करत होते ना मी! येतच होतं!"

ओवी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम थकल्या."

मॅडमनी पट्टी काढली आणि हातात धरून तिच्याकडे बघत राहिल्या. सात वर्षं त्या ती दुसऱ्यांच्या कपाळांना बांधत होत्या. स्वतःच्या कपाळाला पहिल्यांदाच लागली होती.

"मॅडम," त्रिशला म्हणाली. आवाज शांत होता, पण त्यात माघार नव्हती. "मी रक्त तपासायचं काम केलंय. ही पट्टी खोटं नाही मोजत. डोकं कामाला लागलंय एवढं तिला बरोबर कळतं. कशानं लागलंय, ते कळत नाही. भीतीनं पण रक्त धावतं आणि आवडीनं पण धावतं. तिला दोन्ही सारखंच लाल. म्हणून ती दोन्ही काढून घेते. काल मी शालूला ठिपका हिरवा ठेवायची युक्ती करायला सांगितलं होतं. तिनं नाही केली. तुम्हाला अपात्र लिहायचं तर मला लिहा. तिला लिहू नका."

"माझ्या हातात काय आहे हो," मॅडम म्हणाल्या. "पात्र आणि अपात्र, दोनच चौकोन आहेत."

"तिसरा काढा की," आप्पा म्हणाले. "पेन हाय न्हवं?"

मॅडम अंगणातल्या खाटेवर जाऊन बसल्या. फॉर्मखाली 'विशेष शेरा' म्हणून एक ओळ होती. सात वर्षांत तिथे त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. त्यांनी पेन काढलं. एक शब्द लिहिला, खोडला. आभाळाकडे बघितलं. पुन्हा लिहिला. त्रिशला चहा घेऊन निघाली होती, तिला आप्पांनी हाताने अडवलं. "थांब. फरशी उघडी हाय. थोडी हवा शिरू दे."

पाऊण तास लागला. फॉर्मवर दोन्ही चौकोन कोरे होते आणि शेऱ्याची ओळ भरून समासात वाहत गेली होती. 'उपकरण विचार आणि ताण यांत भेद करत नाही, याचा अनुभव मी स्वतः घेतला. फेरतपासणी पट्टीविना, तोंडी व्हावी.'

"सहा महिने," त्या उठताना म्हणाल्या. "तेवढ्यापुरता परवाना राहील. वरून मला विचारतील, रागावतीलही. पुढचं मी सांगू शकत नाही. सहा महिन्यांनीही ही अशीच अडकली तर?"

"अडकेलच," त्रिशला म्हणाली. "दुसऱ्या कशात तरी. तुम्ही या, आम्ही दाखवू."

मॅडम चप्पल घालता घालता थांबल्या. "ती रेष कशी येते हो शेवटी? एकदा वळते का दोनदा?"

त्रिशलाने शाल्मलीकडे बघितलं. शाल्मलीने आत जाऊन अडकणवही आणली आणि मॅडमपुढे कोरं पान धरलं. मॅडमनी खाली वाकून लिहिलं, 'प्रश्न चौथा. इंगवले.' आणि गाडीत बसल्या.

गाडी गेल्यावर सुकुमार बायकोजवळ येऊन उभा राहिला. "सहाच महिने मिळाले गं."

"सोमवार तर टळला," त्रिशला म्हणाली आणि तिने तिन्ही पट्ट्या गोळा करून डब्यात टाकल्या.

आणि शाल्मली? ती केव्हाच परसात गेली होती. एका ताटलीत तिने मेणबत्ती लावली, तिच्यावर छोटी काचेची बरणी पालथी घातली आणि विझेपर्यंत आकडे मोजले. मग मोठी बरणी पालथी घातली आणि पुन्हा मोजले. मोठ्या बरणीत मेणबत्ती जास्त वेळ जळली. तिने आकडे तळहातावर लिहिले, आणि पळत जाऊन आप्पांचा कंदील आणला.

"आप्पा, फरशी सरकवा."

"काय करतीस?"

"पोट मोठं तर हवा जास्त. हवा जास्त तर कंदील जास्त वेळ जळणार. वेळ मोजायचा, मग पोट कळतंय."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी पेवात कंदील सोडला होता, विझतो का एवढंच बघायला. किती वेळाने विझतो, हे त्यांच्या आजाला नाही सुचलं, बापाला नाही, त्यांनाही नाही. ते उठले आणि त्यांनी फरशी सरकवली.

तू कदाचित आत्ताच ओळखलं असशील की एवढ्या मोठ्या पेवात कंदिलातलं रॉकेल हवेच्या आधी संपेल. ओळखलं असशील तर गप्प राहा. तिला सांगायचं नाही.

कंदील दोरीवरून खाली गेला. पिवळा उजेड लहान लहान होत तळाला टेकला. आप्पांनी फरशी ओढून तोंड बंद केलं, कडेने ओली माती दाबली. शाल्मली मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन. निनाद येऊन उभा राहिला, ओवी त्याच्या पाठीवर. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

चाळीसला ती थांबली. तिने बंद फरशीकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "झाकण लावल्यावर आत विझला हे कळणार कसं?"

निनादने या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. तो खाली बसला.

शाल्मलीने वही मांडीवर घेतली, नवं पान काढलं, त्यावर हा प्रश्न लिहिला, आणि पेवाच्या काठावर, फरशीवर एक हात टेकून, ती थांबून राहिली.